गुनवोरची दोन मिनिटं

/शहर/वसाहत/आमची इमारत/लिफ्ट

“पाच मिनिटांचं काम आहे,” असं मी गुनवोरला म्हणालो. लिफ्ट तेव्हा तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये होती आणि माझ्या हातात कचऱ्याची पिशवी होती. हातात कचऱ्याची पिशवी असताना माणसाने कुणालाही वचन देऊ नये. पिशवी गळत असते, दार उघडायची घाई असते, आणि समोरच्याला बरं वाटावं म्हणून तोंडातून काहीही निघून जातं.

(वर तिरक्या रेघांची ओळ दिसते तिला घाबरू नका. तो पत्ता आहे. माझ्या नोकरीत प्रत्येक वस्तूला असा पत्ता लागतो, मोठ्यातून लहानात, लहानातून आणखी लहानात. पत्ता चुकल्यावर काय होतं, ते पुढे येईलच.)

गुनवोर आमच्या अगदी खालच्या घरात राहते. वय एक्याऐंशी. आमच्याकडे राजा सोडला तर सगळे एकमेकांना ‘तू’च म्हणतात, तेव्हा मी तिला अगंतुगं केलं तर मनावर घेऊ नका. तिचा नवरा एवर्ट याला हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला. तेव्हापासून त्याची चादर रोज रात्री ओली होते. हे तिने मला लिफ्टच्या दाराकडे बघत सांगितलं, जणू दारालाच सांगत होती. महिनाअखेर नगरपालिकेची बाई घर बघायला येणार होती. एवर्टला घरी ठेवणं गुनवोरला झेपतंय की त्याला वृद्धाश्रमात हलवायचं, हे ती ठरवणार होती. आणि गुनवोरच्या न्हाणीघरात तर टबभर चादरी भिजत पडलेल्या, कारण तळघरातल्या, सगळ्या इमारतीच्या सामाईक धुण्याच्या खोलीत तिला वेळच लावता येत नव्हती.

पूर्वी यासाठी भिंतीवर लाकडी फळा होता. प्रत्येक घराचं एक छोटं कुलूप असायचं, ते हव्या त्या तारखेच्या भोकात बसवायचं, किल्ली फिरवायची, झालं. वसंतात फळा गेला आणि काचेचा पडदा आला. त्यावर घराचा क्रमांक, गुप्त आकडा, दिवस, वेळ, मशीन असं सगळं एका पानावर भरायचं आणि खालचं हिरवं बटण दाबायचं. दोन मिनिटांत बटण दाबलं नाही, तर पडदा समजतो की माणूस निघून गेला, आणि भरलेलं सगळं पुसून टाकतो. गुनवोर एका बोटाने भरते. मधे चष्मा बदलते. वेळ निवडेपर्यंत पडदा कोरा.

“तू तिथेच कामाला आहेस ना,” ती दाराला म्हणाली. “ती मुदत कुणाला तरी वाढवता येत असेल.”

म्हणून ते पाच मिनिटांचं वाक्य.

/शहर/कंपनी/संगणक विभाग/जुलै

नगरपालिकेची घरं सांभाळणारी जी कंपनी आहे, तिच्या संगणक विभागात मी भाड्याच्या पावत्या छापायचं काम बघतो. धुण्याच्या खोल्यांचे पडदे ज्या सर्व्हरवरून चालतात तो इंगालिलचा. इंगालिल माझ्या शेजारच्या टेबलावर बसते आणि त्या सर्व्हरबद्दल एखाद्या हट्टी घोड्याबद्दल बोलावं तसं बोलते. पण जुलै महिना होता. जुलैत अख्खा देश आपापल्या उन्हाळी घरात लाल भिंती रंगवत असतो. मी कार्यालयात होतो, कारण माझ्या बायकोला, सोल्वेगला, सुट्टी ऑगस्टात मिळते.

सर्व्हरमध्ये नुसतं डोकावायलाही परवानगी लागते. मी इंगालिलला मेल केली. आपोआप उत्तर आलं: मी सुट्टीवर आहे, तातडीचं असेल तर साहेबांना विचारा. साहेबांना केली. उत्तर: सुट्टीवर, तातडीचं असेल तर सुरक्षा विभाग. सुरक्षा विभागाचंही उत्तर आलं, तेवढ्याच तत्परतेने: सगळे सुट्टीवर, तातडीचं असेल तर हेन्निंगशी संपर्क साधा.

हेन्निंग म्हणजे मी.

आता, मी बेजबाबदार माणूस नाही. एकमत झाल्याशिवाय आमच्याकडे खुर्चीही हलत नाही. म्हणून मी रीतसर बैठकीच्या खोलीत गेलो, कॉफी ओतली, दालचिनीचा पाव घेतला आणि विषय मांडला. कुणाचा विरोध नव्हता. एक शंका माझ्या मनात आली होती, ती मी पुढच्या बैठकीकडे ढकलली. परवानगी एकमताने मंजूर झाली.

संध्याकाळी सोल्वेगला हे सांगितलं तर ती म्हणाली, गुनवोरच्या शेजारी उभा राहून तूच तिची वेळ लावून दे की. मी तिला समजावलं की हा प्रश्न मुळातून सोडवायला हवा. ती म्हणाली, बरं.

तिचं ‘बरं’ मला ओळखता यायला हवं होतं.

/शहर/कंपनी/सर्व्हर

सर्व्हर म्हणजे एक भलंमोठं कपाट समजा. कपाटात खण, खणात डबे, डब्यात पुड्या. प्रत्येक पुडीत एक सेटिंग. डोळ्यांनी बघून हवी ती पुडी उचलायची सोयही असते, पण तिची परवानगी स्वतःला द्यायची मी विसरलो होतो. माझ्याकडे होती ती स्क्रिप्टची परवानगी, म्हणजे कपाटासमोर उभं राहून दाराबाहेरून हुकूम सोडायचे: अमुक खण ओढ, त्यातला तमुक डबा उघड, आत काय आहे ते वाचून दाखव.

पहिला हुकूम मी मोघम दिला. म्हटलं, मुदतीच्या जेवढ्या पुड्या असतील तेवढ्या दाखव. पडद्यावरून ओळी वाहू लागल्या. मी कॉफी आणली, प्यायलो, कप विसळून ठेवला, ओळी वाहतच होत्या. अख्ख्या शहराच्या धुण्याच्या खोल्या, सायकलींची गोदामं, वाहनतळांची फाटकं, सगळ्यांच्या मुदती. हे कपाट इंगालिल एकटी सांभाळते, आणि आम्ही तिला दर शुक्रवारी विचारतो की प्रिंटर का चालत नाही.

दुसऱ्यांदा मी शहाणपणा केला आणि फक्त धुण्याच्या खोल्यांच्या खणाची मुदत विचारली. उत्तर आलं, तीस मिनिटं. मला फार आनंद झाला. मग लक्षात आलं की गुनवोरला तीस मिळत नाहीत, दोन मिळतात. म्हणजे खणावर काहीही लिहिलेलं असलं तरी आतल्या डब्यावर वेगळं लिहिलेलं असेल तर डब्याचं खरं. घरात कसं, नियम मी करतो आणि स्वयंपाकघरात सोल्वेगचे चालतात, तसं. तेव्हा आमच्या इमारतीचा डबा शोधणं आलं.

तिसऱ्या वेळी मी पूर्ण स्क्रिप्ट लिहिली. दोनच वाक्यांची. लिंदगातान रस्ता, इमारत चौदा, हा डबा शोध. सापडला की त्याच्या आत मुदतीची जी पुडी असेल तिच्यावरची मुदत काढून टाक. वाढवायची कशाला, काढूनच टाकू, म्हातारीला सावकाश चष्मा पुसता येईल.

/शहर/कंपनी/सर्व्हर/लिंदगातान १४

 

/शहर/कंपनी/सर्व्हर/लिंदगातान १४ (पुन्हा)

वरची जागा छापताना राहून गेलेली नाही. सर्व्हरचं उत्तर तेवढंच होतं. एक कोरी ओळ.

एखाद्या दुसऱ्या देशातल्या माणसाला तिथे शंका आली असती. पण मी बावीस वर्षं आमच्या बैठकांमध्ये बसलोय. ठराव मांडायचा, सगळ्यांनी टेबलाकडे बघायचं, कुणी काही बोललं नाही की तो मंजूर. शांततेला आम्ही होकार समजतो. मोठ्याने हो म्हणणारा माणूस उलट संशयास्पद वाटतो. सर्व्हर गप्प बसला याचा अर्थ त्याची हरकत नाही, असं मी धरलं. बदल जतन केला, सगळीकडे पोचवला, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला.

मग तळघरात गुनवोरला घेऊन गेलो. तिने चष्मा बदलला, क्रमांक भरला, मधेच एवर्टच्या गोळ्यांची वेळ आठवून घड्याळ बघितलं, दिवस निवडला, चुकला, पुन्हा निवडला, आणि हिरवं बटण दाबलं. पडदा म्हणाला: वेळ नोंदली आहे. गुनवोरने माझ्या दंडाला हात लावला. आमच्या इमारतीत हे जवळजवळ मिठी मारण्यासारखं आहे.

/शहर/वसाहत/आमची इमारत/जिना

पुढचे काही दिवस फार सुखाचे गेले. जिन्यात माणसं थांबून माझ्याशी बोलायला लागली, आणि तीही हवेबद्दल नाही. पडद्यावर आता क्रमांक आणि गुप्त आकडा टाकावाच लागत नाही, सरळ दिवस निवडायचा आणि बटण दाबायचं, कंपनीने शेवटी डोकं वापरलं, असं प्रत्येकाचं म्हणणं. चौथ्या मजल्यावरच्या बिर्येरनेही मान हलवली. बिर्येर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. एकटाच असतो, आणि धुण्याच्या खोलीची जबाबदारी कुणी दिलेली नसताना सांभाळतो. सुकवायच्या यंत्राच्या जाळीत कुणी धागेदोरे सोडून गेलं, की ते एका पाकिटात घालून ज्याच्या त्याच्या दाराला लावतो.

मी म्हणायचो, अरे त्यात काय. क्रमांक का टाकावा लागत नाही हे मी स्वतःला विचारलं नाही. कौतुक चालू असताना माणूस चौकशी करत नाही.

/शहर/वसाहत/आमची इमारत/तळघर/बंद दार

कारण असं होतं. पडद्यातून बाहेर पडायचं वेगळं बटण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आजवर गरजच नव्हती, दोन मिनिटांनी पडदा स्वतःच माणसाला बाहेर काढायचा. आता मुदतच नव्हती. गुनवोर आत गेली ती आतच राहिली. तिच्यानंतर आलेल्या प्रत्येकाने वेळ लावली ती गुनवोरच्या नावावर.

खोलीचं दार ज्याची वेळ असेल त्याच्याच बिल्ल्याने, म्हणजे किल्लीऐवजी मिळालेल्या चकतीने, उघडतं. शनिवारी सकाळी पहिल्या मजल्यावरचं कुटुंब कपड्यांच्या तीन पिशव्या घेऊन उतरलं, तर दार उघडेना. बिर्येरला बोलावणं गेलं. त्याने पडद्यावर महिना उघडला. गुनवोर. गुनवोर. गुनवोर. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रविवारीसुद्धा.

आमच्याकडे माणसं करचुकवेगिरी समजून घेतात, घटस्फोट समजून घेतात. दुसऱ्याची धुण्याची वेळ घेणं समजून घेत नाहीत. दुपारपर्यंत पडद्याशेजारी चिठ्ठ्या लागल्या. सगळ्या ‘प्रिय शेजारी’ने सुरू होणाऱ्या, आणि जेवढी भाषा गोड तेवढा माणूस पेटलेला. एका चिठ्ठीच्या शेवटी हसरा चेहरा काढला होता. तो बघून मी पुढच्या चिठ्ठ्या वाचल्याच नाहीत.

दार तर गुनवोरच्याच बिल्ल्याने उघडणार. म्हणून प्रत्येक जण आता तिची घंटा वाजवू लागला. ती एवर्टला खुर्चीत बसवून खाली यायची, दार उघडून द्यायची, तोंडातल्या तोंडात माफी मागायची, वर जायची, की पुन्हा घंटा. आपण काय केलंय हे तिला कळत नव्हतं, पण काहीतरी केलं असणार असं ती धरून चालली होती. तिच्या स्वतःच्या चादरी टबातच होत्या. स्वतःच्या वेळेला ती खाली गेली तेव्हा खोलीत दुसऱ्यांचे कपडे फिरत होते, आणि ते बाहेर काढायला तिला लाज वाटली.

कार्यालयात फोन सुरू झाले. पलीकडच्या वसाहतीत एका दंतवैद्याच्या नावावर सगळ्या मशीन लागल्या होत्या आणि त्याच्या गाडीवर कुणीतरी ओला मोजा ठेवला होता. सायकलींच्या गोदामांचंही तेच झालं होतं. मी एका इमारतीची पुडी उघडली होती. अख्ख्या शहराला काय झालं होतं ते मला समजेना. प्रत्येक फोनला मी म्हणायचो, संबंधित माणसाला कळवतो.

/शहर/वसाहत/आमची इमारत/जिना/मी

मी तडक खाली उतरलो. “मंडळी,” मी खणखणीत आवाजात म्हणालो, “गुनवोरचा यात काडीचा दोष नाही, चूक माझी आहे.” सगळे थक्क झाले. बिर्येरने माझा हात हातात घेतला.

(वरचा परिच्छेद जतन केलेला नाही. जतन न केलेले बदल आपोआप रद्द होतात. प्रत्यक्षात बिर्येर जिन्यात भेटला, गुनवोरला हे शोभतं का म्हणाला, आणि मी म्हणालो की हवा उद्यापासून बिघडणार आहे.)

/समुद्र/बेट/इंगालिल

सोमवारी मी सगळं पूर्ववत करायला बसलो आणि कळलं की पूर्वीचं काय होतं ते मला माहीत नाही. बदलण्याआधी वाचून ठेवायला हवं होतं. शेवटी इंगालिलला फोन केला. सुट्टीत सहकाऱ्याला फोन करणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या न्हाणीघरात शिरण्यासारखं. ती बेटावरच्या धक्क्यावर पाय पाण्यात सोडून बसली होती, मागे पाखरं ओरडत होती.

“कुणी मेलंय का?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग सर्व्हर. काय लिहिलंस ते वाचून दाखव.”

मी दोन्ही वाक्यं वाचून दाखवली.

“पहिल्याला उत्तर काय आलं?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणजे सापडलं नाही, हेन्निंग. तो नाही म्हणत नाही, कोरी ओळ देतो. आणि मग तू त्याला म्हणालास, काहीच नाहीच्या आतल्या सगळ्या पुड्या बदल. पत्ताच दिला नाहीस तर तो अख्खं कपाट घेणार. घेतलंन.”

मी म्हणालो, पण मी पत्ता बरोबर दिला होता, तिथे मी स्वतः राहतो. त्यावर ती इतकी हसली की पाखरं उडाल्याचा आवाज आला. सर्व्हरमध्ये इमारती रस्त्याच्या नावाने नसतात, जमिनीच्या सरकारी दप्तरात भूखंडाचं जे नाव असेल त्याने असतात, आणि जुन्या काळी कुणा रसिक अधिकाऱ्याने आमच्या भागातल्या भूखंडांना प्राण्यांची नावं देऊन ठेवली आहेत. दंतवैद्य रानडुकरात राहतो. आमची इमारत पाणमांजर.

मी सव्वीस वर्षं पाणमांजरात राहतोय, आणि हे मला धक्क्यावर बसलेल्या बाईकडून कळावं.

जुन्या सेटिंगची प्रत कुठे असते ते तिने सांगितलं. त्या संध्याकाळपर्यंत सगळं शहर पूर्वीसारखं झालं, आणि आमचा पडदा पुन्हा दोन मिनिटांवर आला. मी म्हणालो, आता पाणमांजराची तेवढी पाच करू का? ती म्हणाली, साहेबांना विचार. साहेबांना मेल केली. आपोआप उत्तर आलं, पण ते बदललेलं होतं. दंतवैद्याचं उन्हाळी घर साहेबांच्याच शेजारी आहे असं नंतर समजलं. उत्तर असं: सर्व्हरमध्ये कसलाही बदल ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद आहे. तातडीचं असेल तर थांबा.

नगरपालिकेची बाई पुढच्या आठवड्यात येणार होती.

/शहर/वसाहत/आमची इमारत/तळघर/धुण्याची खोली

मी गुनवोरला सांगायला गेलो तेव्हा ती पडद्यासमोर होती, शेजारी चादरींची टोपली, आणि मागे बिर्येर आणि पहिल्या मजल्यावरचं जोडपं, हाताची घडी घालून. बिर्येर तिला शांतपणे विचारत होता की एका घराला अख्खा महिना कशाला लागतो.

आता मात्र मी बोललो. पिवळट दिव्याखाली, पावडरच्या वासात, कमी शब्दांत: तो घोळ मी केला, गुनवोरने नाही, स्क्रिप्टने एका डब्याऐवजी अख्खं कपाट उघडलं.

बिर्येर माझ्याकडे वळला. “पण तुला त्यात हात घालायचं कारण काय होतं?”

ते कारण सांगायचा हक्क माझा नव्हता. एक मशीन पाणी सोडत होती. तिचा आवाज थांबल्यावर गुनवोर म्हणाली, “एवर्टची चादर रोज भिजते. माझं बोट हळू चालतं.”

कुणी काही बोललं नाही. या शांततेचा अर्थ होकार की आणखी काही, हे मला सांगता येणार नाही. हल्ली मी शांततेचे अर्थ लावत नाही. पहिल्या मजल्यावरची बाई पुढे झाली आणि भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढायला लागली. तिची स्वतःची हसऱ्या चेहऱ्याची होती, ती तिने आधी काढली.

बिर्येरने घसा साफ केला. “कोपऱ्यातलं मदतीचं बटण दाबलं की पडद्याची दोन मिनिटं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात,” तो म्हणाला. “पुस्तिकेत बाराव्या पानावर आहे. हेन्निंग, तुला माहीत असेलच.”

मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, अर्थात.

गुनवोरने दाबून पाहिलं. मदतीची खिडकी उघडली, आणि सभ्य बाई असल्यामुळे ती आतला मजकूर पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. वाचून होईपर्यंत दोन मिनिटं संपली.

“तू भर,” बिर्येर म्हणाला. “बटणाचं मी बघतो.”

/शहर/वसाहत/पाणमांजर

त्यानंतर एक दिवसाआड सकाळी तळघरात हे दृश्य असायचं: गुनवोर एका बोटाने आकडे शोधतेय, आणि शेजारी बिर्येर घरातल्या सपाता घालून उभा, एक बोट मदतीवर, दुसरं खिडकी बंद करायच्या फुलीवर. उघड, मिट. उघड, मिट. तेवढ्या वेळात तो तिला जाळी कशी साफ करावी, चाळीस अंशांवर काय धुवावं आणि हल्लीच्या शिक्षकांना फळ्यावर सरळ रेघ का मारता येत नाही हे सांगायचा. ती मधेच त्याला गप्प कर म्हणायची, म्हणजे मला सांगायची, मी तिथे असलो तर. एकदा ती चादरी घेऊन लवकर वर गेली तर तो तिच्यामागून जिन्यात टोपली घेऊन गेला आणि एवर्टला फुटबॉलचे निकाल वाचून दाखवून आला.

नगरपालिकेची बाई आली, कॉफी प्यायली, दोरीवरच्या पांढऱ्या चादरी बघितल्या आणि एवर्टला विचारलं, इथे बरं वाटतं का. तो म्हणाला, खाली जरा फार बोलतात. तिने हिवाळ्यापर्यंत पुन्हा येणार नाही असं सांगितलं.

ऑगस्टच्या मध्याला इंगालिल उन्हाने भाजून परतली. साहेबांची सही घेतली, माझ्या खुर्चीत बसली, पाणमांजराचा पत्ता टाकला, आधी जुनी मुदत वाचून दाखवायला लावली, मग पाच केली. एक ओळ. कॉफी गरम होती तेवढ्यात झालं. मला म्हणाली, “बघ, त्याने उत्तर दिलं.”

मी त्याच दिवशी गुनवोरकडे गेलो. म्हटलं, झालं काम, आता सावकाश भर, कुणाची गरज नाही.

ती दारातच उभी होती, हातात एवर्टचा शर्ट. तिने त्याचं एक बटण लावलं.

“बिर्येरला सांगितलंस?”

“अजून नाही. आता वर जातो.”

“नको,” ती म्हणाली. “राहू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळघरात उतरलो तेव्हा तो आपला उभा होता, सपाता घालून, उघड, मिट, उघड, मिट. पडद्याला आता त्याची काही गरज नव्हती. गुनवोरने माझ्याकडे एकदा बघितलं, चष्मा काढला, सावकाश पुसला, आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.